मशिन नेमकं कधी बिघडलं?

कंट्रोल चार्टवर, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेली मापं वरच्या-खालच्या मर्यादारेषांमध्ये मांडणाऱ्या आलेखावर, अकरा वाजताचा बिंदू रेषेबाहेर गेला, म्हणजे मशिन अकरालाच बिघडलं, ही शॉपफ्लोअरवरची जुनी गफलत. सेटिंग कदाचित आठ वाजताच सरकलेलं असतं आणि मधला माल पॅक होऊन गेलेला असतो.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीमध्ये आपल्या वरिष्ठांना एक पानी टिपण दिलं, त्यात हा चार्ट पहिल्यांदा आला. प्रश्न एवढाच होता: प्रक्रियेत हात घालायचा की नाही? मर्यादा सरासरीपासून तीन सिग्मावर (सिग्मा म्हणजे मापांच्या नेहमीच्या चढउताराचं माप) ठेवली, की सगळं ठीक असताना साधारण ३७० बिंदूंमागे एकदाच खोटी हाक येते. परवडणारा सौदा. पण सरासरी एक सिग्मानेच सरकली, तर बिंदू बाहेर पडायला सरासरी ४४ नमुने जातात. तासाला एक नमुना धरला, तर साडेपाच शिफ्ट!

पुढे १९४७-४८ मध्ये शूहार्ट महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि आपल्याकडेही हा चार्ट रुजू लागला.

‘कधी’चा धागा हाती आला तो केंब्रिजच्या ई. एस. पेज यांच्या १९५४ च्या निबंधातून. त्यांची युक्ती म्हणजे लक्ष्यापासूनच्या फरकांची चालू बेरीज, क्युसम. समजा, शाफ्टच्या व्यासातले फरक मायक्रॉनमध्ये असे आले: +२, −३, +१, −२, +४, +३, +६, +५. मर्यादा ±९ असेल तर शूहार्टचा चार्ट गप्पच. बेरीज मात्र २, −१, ०, −२, २, ५, ११, १६ अशी जाते. चौथ्या नमुन्यावर तळ, तिथून सरळ चढ. म्हणजे बदल चौथ्यानंतरचा. लॉट अडवायचा तो पाचव्यापासून.

मला यातलं कौतुक वाटतं ते साधेपणाचं, कागद-पेन्सिल पुरते. संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड यांनी १९५९ मध्ये आडव्या व्ही आकाराचा मास्क सुचवला, तोही आलेखावर ठेवून बघायचा.

शूहार्टचा साधा चार्टच वापरणाऱ्यांची सोय व्हायला १९९८ उजाडलं. सॅम्युअल, पिग्नाटिएलो आणि कॅल्विन यांनी हाक आल्यावर मागे चालत जायची रीत मांडली. प्रत्येक क्षणापुढची सरासरी लक्ष्यापासून किती दूर, त्या अंतराचा वर्ग गुणिले पुढच्या नमुन्यांची संख्या. हा आकडा सर्वांत मोठा जिथे, तिथे बदल. वरच्या आकड्यांत तो ८१ येतो, चौथ्याच नमुन्यावर.

हे सगळं एका झटक्यात सरकलेल्या सेटिंगचं. टूल हळूहळू घासत असेल तर क्युसमला असा ठसठशीत कोपरा येत नाही, नुसता बाक येतो.