आदामाची बेंबी आणि त्यापुढचे प्रश्न

बायबलमधल्या पहिल्या माणसाला, आदामाला, बेंबी होती का? जो आईच्या पोटी जन्मलाच नाही त्याला नाळ कुठली, आणि नाळ नाही तर बेंबी कशाला? पण बेंबी नसलेल्याला पुरता माणूस तरी कसं म्हणायचं? फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने हा प्रश्न मनावर घेतला आणि १८५७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. गॉस ऐरागैरा नव्हता. समुद्री जीवांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. काचेच्या टाकीत असे जीव पाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये पसरला त्यात त्याचा मोठा वाटा होता. शिवाय तो बायबलमधलं अक्षर न् अक्षर खरं मानणारा ख्रिस्ती होता. खडकांचे थर म्हणत होते पृथ्वी अतिप्राचीन आहे, बायबलमधल्या वंशावळींचा हिशेब म्हणत होता ती काही हजार वर्षांची आहे. गॉसने तोड काढली: ईश्वराने जग घडवलं तेच मुळी जुनं दिसेल असं. पहिल्या झाडाच्या खोडात वर्षवलयं होती, आदामाला बेंबी होती आणि खडकांत कधीच न जगलेल्या प्राण्यांचे जीवाश्म होते.

या तर्कात फट सापडत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. कुठल्याच पुराव्याने खोटा ठरू शकत नाही असा हा दावा. जग काल दुपारी निर्माण झालं, आपल्या आठवणींसकट, असंही याच न्यायाने म्हणता येईल. मात्र गॉसच्या जिव्हारी लागावं असं उत्तर आलं ते एका धर्मोपदेशकाकडून. चार्ल्स किंग्जली हा त्याचा मित्र, कादंबरीकारही. ईश्वराने खडकांवर एवढं प्रचंड आणि अनावश्यक खोटं लिहून ठेवलं असेल हे मला मानवत नाही, असं त्याने कळवलं.

दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, याच किंग्जलीच्या हाती उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारं डार्विनचं पुस्तक पडलं. वाचून त्याने डार्विनला लिहिलं, की एकेका जीवजातीसाठी वेगळा हस्तक्षेप करणाऱ्या ईश्वरापेक्षा, स्वतःहून विकसित होऊ शकतील असे मूळ जीव घडवणारा ईश्वरही तितकाच थोर आहे. डार्विनने हा अभिप्राय नाव न घेता पुढच्या आवृत्तीत छापला. म्हणजे ईश्वर आणि उत्क्रांती या दोन्ही बाजू धरून चालणारी माणसं अगदी पहिल्या दिवसापासून होती. पुढेही होती. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता. परिस्थितीत तगणाऱ्या जीवांचेच गुण पुढच्या पिढ्यांत जास्त उतरतात, या नैसर्गिक निवडीला गणिताची बैठक देणाऱ्यांपैकी रोनाल्ड फिशर श्रद्धाळू अँग्लिकन, तर जे. बी. एस. हाल्डेन निरीश्वरवादी, दोघांची समीकरणं एकमेकांना पूरक ठरली. ‘उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही’ हे वाक्य उत्क्रांतीवादी हमखास उद्धृत करतात. ते १९७३ मध्ये लिहिणारा आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स पंथाचा ख्रिस्ती होता आणि त्याच लेखात त्याने आपण ईश्वराची निर्मिती मानतो असंही लिहून ठेवलं आहे.

पण माणसं दोन्ही मानतात, एवढ्यावरून दोन्ही जुळतात हे सिद्ध होत नाही. एकाच डोक्यात दोन विसंगत गोष्टी जन्मभर सुखाने नांदू शकतात. म्हणून माणसं बाजूला ठेवून दावे तपासावे लागतात. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मतज्ज्ञाने १९९७ मध्ये एक वाटणी सुचवली होती: जग कसं आहे हा प्रांत विज्ञानाचा, अर्थ आणि मूल्यं हा धर्माचा, कोणी कुंपण ओलांडू नये. वाटणी सभ्य आहे, पण मला ती पटत नाही. धर्म केवळ मूल्यं सांगत नाहीत. जग कधी झालं, माणूस कुठून आला, मेल्यावर काय होतं, हेही सांगतात. यातले काही दावे तपासता येतात.

आणि काही तपासात टिकत नाहीत. माणूस वेगळा घडवला गेला, त्याचं इतर प्राण्यांशी नातं नाही, हा दावा घ्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असतील तर हा फरक समजतो. आपलं दुसरं गुणसूत्र उलगडून पाहिलं तर फक्त टोकांशी असायला हवी अशी डीएनएची अक्षरमाळ त्याच्या मधोमध सापडते, आणि निकामी झालेल्या दुसऱ्या मध्यबिंदूच्या खुणाही (एरवी एका गुणसूत्राला असा एकच मध्यबिंदू असतो). क जीवनसत्त्व तयार करणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. माकडांमध्ये आणि चिंपांझी-गोरिलासारख्या कपींमध्येही ते मोडलेलंच आहे. याउपर सामाईक पूर्वज नाकारायचे तर पुन्हा गॉसच्या दारात जावं लागतं: हे सगळं नुसतं तसं दिसावं म्हणून लिहिलेलं आहे.

शब्दशः अर्थाचा हट्ट सोडला तर इथवर वाट सोपी आहे, आणि तो सोडणं ही काही डार्विनच्या भीतीने केलेली माघार नव्हे. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने पाचव्या शतकातच बजावलं होतं, की निसर्गाबद्दल धर्मग्रंथाच्या नावाने अडाणी विधानं केली तर जाणकार लोक बाकीच्या उपदेशावर तरी विश्वास का ठेवतील? उलट्या दिशेची घाईही तितकीच धोक्याची. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात उत्क्रांती आधीच सांगितली आहे, असं १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून म्हटलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण उत्क्रांती ही माशापासून माणसापर्यंत चढत जाणारी शिडी नाहीच. ती फांद्या फुटत जाणारी वंशावळ आहे आणि आजचा मासा आपल्याइतकाच उत्क्रांत आहे. ज्या कथेचं बळ भक्तीत आहे तिला जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवून आपण तिला नापास व्हायला लावतो.

खरी कसोटी पुढे लागते. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा अमेरिकेत डार्विनचा सर्वांत भरवशाचा पाठीराखा आणि नेमाने प्रार्थनेला जाणारा माणूस. त्याचं म्हणणं होतं, की निवड नैसर्गिक असेल, पण ज्यातून निवड होते ते बदल ईश्वर हितकर दिशेने वळवत असेल. डार्विनने १८६८ मध्ये त्याला जाहीर उत्तर दिलं. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून गवंडी सोयीचे निवडतो आणि घर बांधतो. पण दगड फुटले तेव्हा त्या घरासाठी म्हणून काही फुटले नव्हते.

हा वाद तेव्हा मतांचा होता. १९४३ मध्ये तो प्रयोगशाळेत आला, जरी प्रयोग करणाऱ्या साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांच्या डोक्यात ईश्वराचा विषय नव्हता. विषाणूंचा मारा झाला की काही जिवाणू तगतात. ही प्रतिकारशक्ती गरज पडल्यावर निर्माण होते, की आधीच कुणात तरी योगायोगाने आलेली असते? त्यांनी एकाच जातीचे जिवाणू अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवले आणि मग सगळ्यांवर विषाणू सोडले. बदल गरजेपोटी होत असते तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही नाही किंवा मोजकेच, आणि एखाद्या नळीत मात्र भरमसाट. तिथे तो बदल वाढीच्या सुरुवातीलाच, विषाणू दिसण्याआधी झाला होता आणि पिढ्यान् पिढ्या वाढत गेला होता. उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकांतल्या अशा बदलाला, पुढच्या गरजेची खबर नसते.

याने ग्रेचा ईश्वर बाद होतो का? मोजता येईल असा कल लावणारा ईश्वर बाद होतो. कुठल्याही आकडेवारीत उमटणार नाही अशा बेताने, अणूंच्या पातळीवर काम करणारा ईश्वर बाद होत नाही, आणि तसं मानणारे आजही आहेत. त्यांचा दावा गॉसइतकाच अभेद्य आहे. फरक एवढाच, की त्यांचा ईश्वर खोटे पुरावे पेरत नाही. श्रद्धेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, विज्ञानाच्या दृष्टीने यात करण्यासारखं काही नाही.

डार्विनला स्वतःला मात्र गणितापेक्षा वेदना जास्त छळत होती. १८६० मध्ये त्याने ग्रेलाच लिहिलं, की काही परजीवी गांधीलमाश्या जिवंत अळीच्या आत अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने हे ठरवून घडवलं असेल हे मला पटवून घेता येत नाही. त्याची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी १८५१ मध्ये वारली होती. दुःखाचा प्रश्न उत्क्रांतीने जन्माला घातला नाही, पण अवघड केला. पूर्वी मृत्यू हा माणसाच्या पापाचा परिणाम म्हणता येई. आता माणूस येण्याआधीच कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते. शिवाय नैसर्गिक निवडीत मृत्यू हाच निर्मितीचा मार्ग आहे. श्रद्धावंतांनी यावर, स्वतःला घडवू शकणाऱ्या जगाची किंमत हीच, असं उत्तर दिलं आहे. ते प्रामाणिक आहे, पण अळीच्या कामाचं नाही. तरीही १८७९ मध्ये कुणी पत्र लिहून विचारलं तेव्हा डार्विनने सांगितलं, की माणूस उत्कट ईश्वरवादी आणि उत्क्रांतीवादी दोन्ही असू शकतो यात शंकाच नाही. उदाहरणं दिली किंग्जली आणि ग्रे यांची. आपली स्वतःची मतं हेलकावे खातात, असंही लिहिलं.

उरतो माणूस. पोप पायस बाराव्याने १९५० मध्ये मोकळीक दिली: शरीर पूर्वीच्या जीवांतून आलं का याचा अभ्यास करा, आत्मा मात्र ईश्वर थेट देतो. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसऱ्याने उत्क्रांती ही निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही हे मान्य केलं. आत्मा मोजता येत नाही, त्यामुळे जीवशास्त्र तिथे गप्प बसतं. पण पायसने सगळी माणसं एका आदामापासून झाली असंही धरून ठेवलं होतं. हा दावा मोजता येतो. आजच्या माणसांतली जनुकीय विविधता पाहता आपल्या जातीचे पूर्वज हजारोंच्या संख्येत होते. एकाच जोडप्यापासून सगळा वंश निघाला याच्याशी ती विविधता जुळत नाही. काही धर्मचिंतक म्हणूनच आदामाला त्या हजारोंमधला निवडलेला प्रतिनिधी मानतात. त्यात २०१० मध्ये निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीचा जनुकसंच वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत आजही त्यांचा एक-दोन टक्के डीएनए असल्याचं दिसलं. म्हणजे संकर झाला होता. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा; त्या मुलांना आत्मा कोणत्या बाजूने मिळाला?

सर्व जीवांत आत्मा मानणाऱ्या परंपरांना ही रेघ ओढावीच लागत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे आणि तो फारसा कुणी विचारताना दिसत नाही. पृथ्वीवर जीवन किमान साडेतीन अब्ज वर्षांचं आहे, आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या काळात इथे बरंवाईट समजून कर्म करणारं कुणीच नव्हतं, बराच काळ तर केवळ सूक्ष्मजीव होते. मग त्या योनी कोणाच्या कर्माचं फळ होत्या? संसार अनादी आहे, पृथ्वीपलीकडे इतर लोक म्हणजे जगं आहेत, अशी उत्तरं या परंपरांकडे आहेत. ती खोडून काढायला जीवाश्मशास्त्राकडे काही नाही आणि दुजोरा द्यायलाही काही नाही.