झेंड्यांच्या आधी खोली: आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहाला, म्हणजे देशोदेशीचे झेंडे, फलक आणि खाद्यपदार्थ मांडणाऱ्या जत्रेला, सरकारी मुहूर्त लागला तो २००० साली. १९ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या धोरणाबद्दल आदेश काढला आणि १३ ते १७ नोव्हेंबरला परराष्ट्र व शिक्षण खात्यांनी मिळून पहिला सप्ताह पार पाडला. पुढेही तो बहुधा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या आठवड्यातच येत राहिला. परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद करणारा ‘ओपन डोअर्स’ अहवालही याच सुमारास निघतो. २०२३-२४च्या अहवालात ११,२६,६९० परदेशी विद्यार्थ्यांपैकी ३,३१,६०२ भारतीय होते, म्हणजे पहिला क्रमांक आपला.

मूळ मात्र बरंच जुनं आहे, आणि ते राहण्या-जेवण्याच्या अडचणीत आहे. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स यांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो थांबला आणि म्हणाला, तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स दांपत्याने मग परदेशी मुलांना रविवारी जेवायला बोलावायला सुरुवात केली. घर अपुरं पडू लागलं, क्लब निघाला, आणि १९२४ साली धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘इंटरनॅशनल हाउस’ उभं राहिलं. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात आलेले भीमराव आंबेडकरही आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले होते. तिथलं जेवण मानवेना, म्हणून आठवड्याभरातच ते देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९३० साली असंच घर बांधताना जागा मुद्दाम पीडमाँट अव्हेन्यूची निवडली, कारण परदेशी आणि कृष्णवर्णीय मुलांना दारात उभं न करणाऱ्या फ्रॅटर्निटींची, म्हणजे एकत्र राहणाऱ्या विद्यार्थी-मंडळांची, वसाहत तिथेच होती. त्यात मुलं आणि मुली एकाच छपराखाली राहणार, हे कळल्यावर गावात मोठा गदारोळ झाला. आजच्या सप्ताहात या भांडणाचा उल्लेख क्वचितच होतो. खरं तर तो पहिल्या फलकावर हवा.

सरकारी पैसा आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. परदेशांत पडून राहिलेलं युद्धसाहित्य विकून आलेल्या रकमेतून १९४६च्या कायद्याने अमेरिका आणि इतर देशांतल्या विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीच्या फुलब्राइट शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि तिच्या शिष्यवृत्तीवर परदेशी मुलं आपल्याकडे येऊ लागली.

ती पुण्यात आली तेव्हा अडचण जुनीच निघाली. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवण देताना दिसली. चौकशी केली तर तो मॉरिशसचा, काविळीने पडलेला, आणि ती त्याची बहीण. १९७१ साली सुरू झालेल्या ‘सिंबायोसिस’ची सुरुवात या खिडकीपाशी आहे. कॉलेजं मागाहून आली. आधी हवं होतं ते परदेशी मुलांना बसायला-बोलायला हक्काचं ठिकाण.

आता खाद्यपदार्थांच्या स्टॉलविषयी, कारण सप्ताह फसतो तो बहुधा तिथेच. अनेक अमेरिकी विद्यापीठांत वसतिगृहात शिजवलेलं अन्न बाहेरच्यांना वाटता येत नाही. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवावा लागतो. मग मुलांनी कृती द्यायची आणि कॅम्पसच्या केटररने रांधायचं, असा तोडगा निघतो. त्यात मिरची निम्मी होते आणि भारताच्या टेबलावर पुन्हा समोसाच येतो. कृतीसोबत मसाला मुलांनीच पुरवला आणि आठवडाभर आधी एकदा चाखून पाहिलं, तर पुष्कळ फरक पडतो. नमुना दोन चमच्यांएवढाच द्यावा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात पातेलं रिकामं. शेंगदाणे, अंडं, गोमांस, डुकराचं मांस यांच्या पाट्या पदार्थासमोर हव्यात, टेबलाच्या टोकाला नकोत. झेंड्यांची यादी आधी ठरवावी. तैवान आणि तिबेटचे वाद ऐन वेळी मांडवात मिटत नाहीत.

पुण्यात अशी जत्रा भरवणं त्यामानाने सोपं आहे. अवघड आहे ते परदेशी मुलांना खोली मिळणं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि घरमालकाला भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवावी लागते. ती भानगड नको म्हणून ‘खोली गेली’ असं सांगणारे मालक आजही भेटतात.