ब्रह्मांड एवढं असो वा नसो

आरतीनंतरचा 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हा जयघोष जळगाव-धुळ्याकडं लहान पोरांनाही पाठ असतो. त्यामुळं मल्टिव्हर्सचा, म्हणजे एकाहून अनेक विश्वं असण्याचा, विषय निघाला की 'हे तर आपल्याकडं आधीपासूनच आहे' असं कुणीतरी म्हणतंच. शब्द जुळतात, खरं आहे. पण भौतिकशास्त्रात अनेक विश्वं आली ती निराळ्या वाटेनं. खरं तर दोन वाटांनी.

पहिली १९५७ ची. अणूंच्या जगात मोजमाप होईपर्यंत सगळ्या शक्यता समीकरणात एकत्र नांदतात आणि मोजलं की एकच दिसते. बाकीच्या जातात कुठं? प्रिन्स्टनचा ह्यू एव्हरेट म्हणाला, जातच नाहीत. मोजणारा माणूसही अणूंचाच, त्यालाही तेच समीकरण लावा. मग प्रत्येक शक्यतेसोबत तोही फुटतो आणि एका फांदीला दुसरीचा पत्ता नसतो. १९५९ मध्ये तो कोपनहेगनला जाऊन अणुविज्ञानातले बुजुर्ग नील्स बोर यांना भेटला. हाती काही लागलं नाही. तोवर त्यानं पेंटॅगॉनची नोकरी धरलीच होती. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी त्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठं या विचाराचा गाजावाजा झाला. मराठी वाचकाला तो भेटला जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये: विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते, आणि पुढचा सगळा इतिहासच वेगळा घडतो.

दुसरी वाट १९८० च्या दशकातली. विश्व जन्मतःच प्रचंड वेगानं फुगलं असं मानलं, तर ते फुगणं सगळीकडं एकदम थांबत नाही, असं विलेंकिन आणि लिंडे या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं. जिथं थांबेल तिथं एक बुडबुडा, म्हणजे एक विश्व. ही विश्वं आपल्या पोचेपलीकडं, दूर कुठंतरी. एव्हरेटच्या फांद्या म्हणजे अशी दूरची ठिकाणं नव्हेत. सिनेमावाले दोन्हींची खिचडी करतात, ते असो.

दोन्हींची अडचण मात्र एकच: पलीकडं डोकावून पाहता येत नाही. इथं मला जयघोषापेक्षा भास्कराचार्य आठवतात. 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) त्यांनी आकाशकक्षा, म्हणजे आकाशाचा घेर, १८७१२०६९२०००००००० योजनं दिली आहे. काही जण तिला ब्रह्मांडाचा परीघ म्हणत. भास्कराचार्य म्हणतात, ब्रह्मांड एवढं असो वा नसो, कल्पभरात, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसात, ग्रह एवढी योजनं चालतो, इतकंच आमचं मत.

त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवानं चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथं सापडलेल्या १२०७ च्या शिलालेखाच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत. मठाला काय काय द्यायचं ते त्यात कोरलंय: घाण्यामागं पळी-पळी तेलसुद्धा.