फौज माघारी कधी आणायची? साताऱ्याच्या गावांमागचा इतिहास

परमुलखातल्या लढाईवर देशातच नाराजी वाढली, की फौज माघारी बोलवावी का, हा वाद सुरू होतो. दिल्लीत तो धोरणाचा असतो. सातारा-सांगलीच्या गावांत तो कुणाच्या तरी पोराचा असतो, म्हणून त्याची मुळे इथूनच शोधायला हवीत.

सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कुत-अल-अमारा शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या इंग्रजी फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली आणि पुढे अनेक जण कैदेतच मेले. लढाई लंडनची होती आणि माघारीचा निर्णयही लंडनचाच. ज्यांची पोरे गेली, त्यांना कुणी विचारलेच नाही.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न खऱ्या अर्थाने श्रीलंकेत उभा राहिला. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारताची शांतिसेना तिथल्या उत्तरेकडच्या तमिळ भागात, जाफन्यात उतरली. श्रीलंका सरकारशी लढणाऱ्या तमिळ गटांची शस्त्रे खाली ठेवून घ्यायची, एवढेच काम होते. ऑक्टोबरमध्ये त्यांतल्याच लिट्टे या बंडखोर संघटनेशी लढाई जुंपली. जाफन्याच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

माझ्या मते खरी चूक इथे झाली: काम कधी संपले म्हणायचे, हे जाताना ठरलेच नव्हते. सिंहलींना ही फौज परकी वाटे, लढाई पेटल्यावर तमिळांनाही ती नकोशी झाली आणि तमिळनाडूतही रोष वाढला. १ जून १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेरपर्यंत निघून जा, असे जाहीरपणे सांगितले. तमिळांच्या सुरक्षेची हमी मिळाल्याशिवाय निघणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे, अशी दिल्लीची बाजू होती. ती पोकळ नव्हती. फौज निघाली, तमिळ भागातल्या प्रांतिक सरकारचे मुख्यमंत्री वरदराजा पेरुमल यांना देश सोडावा लागला आणि जून १९९० मध्ये तिथे पुन्हा युद्ध भडकले. तरीही जी हमी अडीच वर्षांच्या लढाईत मिळाली नाही, ती आणखी काही महिन्यांत कशी मिळणार होती?

व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने माघार पुरी केली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमलीहून निघाली. तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. मद्रासला परतणाऱ्या फौजेच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. राग धोरणावर होता, तो जवानांच्या वाट्याला आला. हे अजून सलते.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितले, तेव्हा श्रीलंकेचा अनुभव फार जुना झालेला नव्हता. संसदेने एप्रिलमध्ये त्या युद्धाविरुद्ध ठराव केला आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवायला नकार दिला. कुतच्या त्याच मुलखात इथली पोरे पुन्हा गेली नाहीत. मात्र परदेशात सैन्य धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेणे आपल्या राज्यघटनेने आजही बंधनकारक केलेले नाही.