क्राउन-पिनियनचं तेल गिअरबॉक्सच्या पोटात

जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदलायला निघालेल्या माणसापुढे दोन डबे येतात. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ल्युब्रिकंट, गिअर ऑइलच्या वर्गवारीचं नाव). पाच चारापेक्षा मोठे, तेव्हा तेलही वरच्या दर्जाचं, असं मानून बरेच जण दुसरा उचलतात. इंजिन ऑइलच्या बाबतीत ही सवय सहसा अंगाशी येत नाही, कारण तिथे नवा वर्ग जुन्याची जागा घेत जातो. गिअर ऑइलचे आकडे तशा पायऱ्या नाहीत. ते कसे पडले हे कळायला गिअरबॉक्स बाजूला ठेवून आधी मागच्या अॅक्सलखाली शिरावं लागतं.

मागच्या अॅक्सलने तेलाचा प्रश्न उभा करण्याआधीचा काळ सोपा होता. सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये सरळ दात्यांची चाकं सरकवून एकमेकांत गुंतवायची, आणि वेग जुळला नाही तर खर्र आवाज ठरलेला. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला सांगितलेलं ‘६००डब्ल्यू’ तेल मुळात वाफेच्या इंजिनांच्या सिलिंडरसाठीचं. त्यातला ६०० हा दाटपणाच्या कुठल्या मापातला आकडा नव्हे, ते निव्वळ विक्रीचं नाव होतं. (आजही कुणीतरी तो खरा आकडा समजून तेल शोधत बसतं.) दाट खनिज तेल, त्यात औषध म्हणावं असं काही नाही. आजच्या वर्गवारीत ते जीएल-१ च्या जवळ जातं.

मग मागच्या अॅक्सलमध्ये आले हायपॉइड दाते. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने ते घडवले आणि १९२६ साली पॅकार्डने आपल्या गाड्यांत बसवले. क्राउनच्या (अॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यरेषेखाली पिनियन (त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक) बसवता आला, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जाणारा दांडा, खाली गेला आणि गाडीचा तळही. दिसायला गाडी देखणी झाली, पण तेलावर संकट आलं. साध्या दात्यांत दाता दात्यावर बराचसा लोळतो. हायपॉइडमध्ये तो प्रचंड दाबाखाली लांबवर घसटत जातो. त्या घसटीत तेलाचा थर पिळून निघतो आणि पोलादाला पोलाद भिडतं. साधं तेल कितीही दाट घेतलं तरी पुरेना. म्हणून तेलात अशी द्रव्यं घालायला लागले, जी घर्षणाच्या उष्णतेने धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर बनवतात. यांना ईपी, म्हणजे अतिदाब सोसणारी द्रव्यं म्हणतात. सुरुवातीला शिशाचे साबण आणि गंधक, पुढे क्लोरीन, आणि नंतर आजही चालणारी गंधक-फॉस्फरसची जोडी. मध्यंतरी गंधक मुरवलेलं स्पर्म व्हेलचं तेलही यासाठी वापरात होतं. १९७० साली अमेरिकेने त्या देवमाशाला संरक्षण दिलं, तेव्हा रसायनवाल्यांना घाईने पर्याय शोधावे लागले.

ही सगळी धडपड क्राउन-पिनियनसाठी. गिअरबॉक्समध्ये हायपॉइड दाते नसतात. तिथे त्याच सुमारास वेगळीच गोष्ट घडत होती: कॅडिलॅकने १९२९ च्या मॉडेलांत सिंक्रोमेश आणलं. गिअर पडण्याआधी एक पितळी किंवा काशाची रिंग पोलादी शंकूवर दाबली जाते, घासते, आणि त्या घासण्यानेच दोन्ही भागांचे वेग जुळतात. रिंगच्या आतल्या बारीक आट्या तेल कापून बाजूला सारतात. म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाकडून दोन उलट अपेक्षा आहेत: दात्यांवर ते निसरडं हवं आणि रिंगखाली नको. अॅक्सलसाठीचं कडक ईपी तेल इथे ओतलं की रिंग शंकूला पकडायच्या ऐवजी घसरते, गिअर खरखरतो. चालकाला वाटतं सिंक्रो गेला. पुष्कळदा गेलेलं असतं ते फक्त तेल.

पितळाचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त फुगवला जातो. जुन्या तेलांतलं सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खरोखर काळं करी, कुरतडी. म्हणून तांब्याची घासलेली पट्टी १२१ अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात तीन तास ठेवून तिचा रंग तपासण्याची चाचणी आली. आजची चांगली जीएल-५ तेलं ती पार करतात. तेव्हा ‘जीएल-५ पितळ खातं’ हे सरसकट खरं नाही, पण रिंग घसरण्याची तक्रार त्याने मिटत नाही.

आकडे पडले ते अमेरिकी लष्कराच्या मापांवरून. मिल-एल-२१०५ या मापाशी जुळणारं ते जीएल-४. १९६२ साली आलेल्या २१०५बी मध्ये जास्त वेग, धक्के आणि ओझं सोसणाऱ्या हायपॉइड अॅक्सलची परीक्षा होती, त्यातून जीएल-५. ढोबळमानाने जीएल-४ मध्ये ईपी द्रव्यं जीएल-५ च्या निम्मी असतात. आकडा मोजतो ती हायपॉइडची सहनशक्ती, सिंक्रोशी त्याचा संबंध नाही. सिंक्रो नसलेल्या जड वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी नंतर एमटी-१ असा वेगळाच वर्ग काढावा लागला, त्यावरून हा घोळ ध्यानात यावा.

दाटपणाचे आकडेही फसवतात. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलहून वेगळी आहे, एकाचा आकडा दुसऱ्याशी चुकून मिसळू नये म्हणून. ७५डब्ल्यू-९० हे गरम असताना साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच वाहतं. त्यामुळे एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीच्या गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच सांगितलेलं पाहून दचकायचं कारण नाही. १९५९ च्या मिनीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडलेले. काही नंतरच्या मॅन्युअल पेट्या ऑटोमॅटिकचं पातळ तेल मागतात. त्यात ९० नंबर ओतलं तर थंडीत पहिला-दुसरा पडता पडत नाही.

डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं जोडनाव दिसलं तर बहुधा आत जीएल-५ आहे. ईपीची मात्रा पाचाची, म्हणून चाराचीही पुरी, एवढाच त्या तिरक्या रेघेचा अर्थ. रिंग पकडेल की नाही याबद्दल ती काही बोलत नाही. शिवाय जीएल-४ ची मूळ परीक्षा घेणारी काही यंत्रणा आता उपलब्धच नाही. त्यामुळे जीएल-४ चा शिक्का आज बराचसा बनवणाऱ्याच्या शब्दावर चालतो, आणि डब्यावर ‘सिंक्रोमेश मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी’ असं स्वच्छ लिहिलंय का, हे त्या आकड्यापेक्षा आधी वाचावं लागतं.