मिशनरी यायच्या आधीची मंडळी

मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाचं नाव काढलं की पांढरा शर्ट, काळी नावपट्टी आणि जोडीनं दारोदार फिरणारी अमेरिकन पोरं डोळ्यांपुढे येतात. घानात ही माणसं १९७८ च्या अखेरीस पोचली तेव्हा मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा समुदाय, तिथं चौदा वर्षं भरत होती.

१९६४ साली जोसेफ विल्यम बिली जॉन्सन या घानाच्या गृहस्थांच्या हाती ‘बुक ऑफ मॉर्मन’ पडलं. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथनं प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ त्यांना इतका पटला, की त्यांनी उपदेश करायलाच सुरुवात केली. त्यांना ना कुणी बाप्तिस्मा दिला होता, ना कुणी नेमलं होतं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीतल्या पंथाच्या मुख्यालयाला पत्रं जात राहिली: माणसं पाठवा. तिकडून पुस्तकं आली, माणसं नाही. नायजेरियात अँथनी ओबिना या शिक्षकांना स्वप्नात एक भव्य इमारत दिसली होती. पुढे ‘रीडर्स डायजेस्ट’च्या जुन्या अंकात सॉल्ट लेकच्या मंदिराचं चित्र पाहून, हीच ती, अशी त्यांची खात्री पटली. त्यांच्याही पत्रांना उत्तर एकच, थांबा.

अडचण सॉल्ट लेकचीच होती. १८५२ मध्ये तेव्हाचा पंथप्रमुख ब्रिगहॅम यंगनं जाहीर केलेल्या नियमानुसार काळ्या आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला याजकपद मिळत नसे. या पंथात गावोगावी पगारी पाळक नसतात. नोकरीधंदा सांभाळणारा साधा सभासदच याजक होतो आणि मंडळी चालवतो. मग आफ्रिकेतल्या गावात ती चालवणार कोण? (त्याच १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, पुण्यालाही गेला. त्याला भेटले ते मुख्यतः गोरे शिपाई. काही वर्षांतच तो खटाटोप आटोपला.) १९६० च्या दशकात नायजेरियात प्रचारक धाडायचं ठरलंही होतं, पण हा नियम तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला आणि व्हिसा अडला.

ब्राझीलमध्ये पेच आणखी अवघड झाला. साओ पाउलोत मंदिर उभं राहत होतं, आणि त्या सरमिसळ देशात कुणाचं रक्त किती आफ्रिकी हे कोण ठरवणार? मंदिरासाठी झटणाऱ्यांतल्याच काहींना या बंदीमुळे आतल्या विधींना बसता येणार नव्हतं. जून १९७८ मध्ये पंथाचे अध्यक्ष स्पेन्सर किम्बॉल यांनी देवानं तसं प्रकट केल्याचं सांगून बंदी उठवली. श्रद्धावंतांच्या लेखी तो साक्षात्कार; मला त्यामागे साओ पाउलो आणि आफ्रिकेतली ती पत्रंही दिसतात.

त्याच वर्षी प्रचारक आफ्रिकेत पोचले; नोव्हेंबरात ओबिनांचा बाप्तिस्मा झाला, डिसेंबरात जॉन्सन यांचा. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्टला लोक त्यासाठी थेट समुद्रात उतरले.

पण मान्यता फुकट मिळाली नाही. जॉन्सन यांच्या सभांत ढोल वाजत, टाळ्या पडत, लोक नाचत, दानाचं ताट फिरे. सॉल्ट लेकच्या शिस्तीत यातलं काहीच बसेना. ढोल गेले, नाच गेला, ताटाच्या जागी उत्पन्नाचा दशांश आला. घानातल्याच सेकोंदी-ताकोराडीत एक बाई संदेष्टी म्हणून मंडळी चालवत होत्या. याजकपद फक्त पुरुषांना, त्यामुळे त्यांच्याकडून पुढारपण गेलं आणि त्या बाहेर पडल्या. वर्णाची अट सुटली होती, बाईपणाची नाही. वाढीचे आकडे मिरवताना ही गळती कुणी मोजत नाही.

जून १९८९ मध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारनं घानात या पंथाच्या कामावर बंदी घातली, परदेशी प्रचारकांना देशाबाहेर काढलं, प्रार्थनागृहांना कुलपं लावली. काही सभासद कोठडीतही गेले. घानाचे मॉर्मन हा काळ ‘फ्रीझ’ या नावानं सांगतात. घराघरात दार लोटून प्रभुभोजन होई. मिशनरींवाचून मंडळी चालवायची सवय इथं जुनीच होती. साधारण दीड वर्षानं, १९९० च्या अखेरीस, बंदी उठली. जानेवारी २००४ मध्ये अक्रा शहरात घानाच्या पहिल्या मॉर्मन मंदिराचं समर्पण झालं. जॉन्सन यांच्या हाती ते पुस्तक पडल्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती.