काच फुटली, पण डंकने नव्हे

अमेरिकेतल्या बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या पहिल्याच घरच्या सामन्यात त्यांचा खेळाडू चक कॉनर्सने डंक मारून, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबून, बॅकबोर्ड (रिंगमागचा काचेचा फळा) फोडला, ही गोष्ट वर्षानुवर्षे रंगवून सांगितली जाते. बोर्ड फुटला, हे खरं. ५ नोव्हेंबर १९४६, बोस्टन अरीना. पण सामना सुरूच झाला नव्हता, सराव चालला होता. कॉनर्सने लांबून साधा सेट शॉट (उडी न मारता केलेली फेक) टाकला, चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला आणि काच खळ्ळकन खाली! रिंग आणि काचेमधला रबराचा तुकडा बसवायचाच राहिला होता. बदली बोर्ड बोस्टन गार्डनमधून आणला; तिथे तेव्हा रोडिओ, म्हणजे काउबॉयांचे खेळ चालू, त्यामुळे बैलांचा मुक्काम! रखडलेला सामना शिकागो स्टॅग्जने ५७-५५ असा जिंकला. त्या मोसमात सेल्टिक्स ६० पैकी ३८ सामने हरले. कॉनर्स मात्र पुढे टीव्हीवरचा धिप्पाड बंदूकवाला नायक झाला. डंकची कथा त्याला शोभून दिसली, एवढंच.